आंघोळबाई आणि न धुतलेला स्फटिक

वन्सं गेल्यावर आमच्या संशोधन संस्थेने भट्टीच्या खोलीबाहेर एक पितळी फलक बसवला. स्फटिकाच्या पृष्ठभागाकडे संयमाने पाहण्याची दृष्टी त्यांनी संस्थेला दिली, असं त्यावर कोरलेलं आहे. अनावरणाच्या वेळी मी पहिल्या रांगेत होते. ‘संयम’ हा शब्द माइकवरून वाचला गेला तेव्हा मला असा ठसका लागला की शेजारच्या बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. बिचाऱ्यांना वाटलं, वहिनीला नणंदेची आठवण असह्य झाली.

माझ्या नणंदेत संयम होता, पण तो दुसऱ्यांनी बाळगायचा होता. आमच्या घरात कप दोनदा विसळले जात. आधी मी विसळत असे, मग वन्सं. मी विसळलेला कप त्या खिडकीशी धरून बघायच्या आणि काही न बोलता पुन्हा नळाखाली न्यायच्या. न बोलण्याचं त्यांना फार कौतुक होतं. माझं लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा आमचे हे मला म्हणाले, “ताईचं मनावर घेऊ नकोस. ती साबणसुद्धा धुऊन वापरते.” मी हसले. मला ती थट्टा वाटली होती.

लग्न न करता वन्संनी सगळा जीव त्या संस्थेतल्या एका भट्टीला लावला. मला कॉन्व्हेंटात नन्सनी इंग्रजी घोटून दिलं होतं, त्या जोरावर मीही तिथेच टंकलेखिका म्हणून लागले. घरी नणंद आणि कचेरीतही नणंद, असं भाग्य फार थोड्या सुनांना लाभतं.

त्यांचं काम थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कॅडमियम, जस्त आणि टेल्युरियम एकत्र वितळवून त्यांचा रस काचेच्या बंद नळीत कित्येक आठवडे सावकाश थंड करायचा. त्यातून अंगठ्याएवढा करडा ओंडका निघतो. तो कापून साखरेच्या खड्यांएवढे चौकोनी तुकडे करायचे. हे आपले स्फटिक. प्रत्येकाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना सोन्याचा पातळ मुलामा द्यायचा आणि त्यांना काही शे व्होल्टची वीज जोडायची. एरवी स्फटिकातून वीज जवळजवळ जाऊ नये. किरणोत्सारी पदार्थाचा किरण आत शिरला, की तेवढ्यापुरता एक इवलासा झटका यावा. तो झटका मोजला की किरण कुठून आला आणि केवढ्या जोराचा होता ते कळतं. आलेखावर त्याची सुईसारखी उभी रेघ दिसते.

निदान दिसायला हवी. वन्संच्या स्फटिकांची सुई उभी राहत नव्हती, तिचा पसरट उंचवटा व्हायचा. किरण नसतानाही वीज कुठून तरी झिरपत राही आणि त्या खळखळाटात खरा झटका हरवून जाई.

यावर वन्संकडे एकच औषध होतं: आंघोळ. कापताना आणि घासताना स्फटिकाच्या अंगावर ओरखडे राहतात, ते घालवायला त्याला ब्रोमीन मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये बुडवतात. ब्रोमीन म्हणजे तांबडा-तपकिरी, घसा खरवडणारा धूर. धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात हात घालून वन्सं ते काम करायच्या, आणि स्फटिक आरशासारखा चकचकीत होऊन बाहेर यायचा. ही आंघोळ एकदा घालायची असते. वन्सं दर मोजणीच्या आधी घालायच्या. सोन्याच्या बाजूंना मेणाचं लुकण लावायच्या, उरलेल्या चार बाजू पुन्हा धुवायच्या आणि लुकण काढायच्या. संस्थेत सगळे त्यांना पाठीमागे आंघोळबाई म्हणत. तोंडावर म्हणण्याची छाती फक्त आलेखवाल्यांची होती.

आलेखवाले म्हणजे मोजणीच्या खोलीतले गृहस्थ. किडकिडीत, नाकावर चष्मा, खिशात स्क्रूड्रायव्हर. वन्सं त्यांच्याकडे स्फटिक मलमलीवर ठेवून न्यायच्या आणि ते कपाळाला आठ्या घालून उंचवट्याचा आलेख परत द्यायचे. या दोघांचा संवाद मी टंकलेखनाच्या टेबलावरून वर्षानुवर्षं ऐकला.

“तुमच्या तारा गळतात.”

“बाई, माझ्या तारा तुमच्या स्फटिकापेक्षा कमी गळतात.”

“मग तुम्ही मोजताना त्याच्यावर श्वास सोडता.”

“सोडतो. डॉक्टरांनी तसं सांगितलंय मला.”

मग वन्सं स्फटिक उचलून पुन्हा आंघोळीला न्यायच्या. त्यांच्या लेखी खळखळाटाचं कारण मळ होता. मळ दिसत नसला तर तो लबाड मळ होता. दाराशी पाटी लागली, ‘हात धुतल्याशिवाय आत येऊ नये.’ मग दुसरी लागली, ‘हात धुतले असले तरी येऊ नये.’

एका वर्षी संस्थेच्या प्रमुखांनी वन्संना बोलावलं. मलाही वही-पेन्सिल घेऊन बसवलं. प्रमुख सज्जन माणूस होते. त्यांना कुणाचंही मन दुखवायचं नसे, म्हणून दुखवायच्या गोष्टी ते खिडकीकडे बघून बोलत.

“भट्टीची खोली मोठी आहे,” ते खिडकीला म्हणाले. “हवेशीर आहे. आपल्याला सभागृह नाही.”

“माझ्या भट्टीत सभा घेणार?” वन्संनी विचारलं.

“भट्टी काढावी लागेल. स्फटिक हल्ली तयार विकत मिळतात, बाई.” मग ते जरा वळले. “एक शेवटची संधी आहे. इस्पितळातल्या सर्जनबाईंना पेनासारखं एक उपकरण हवंय. रोग कोणत्या गाठीपर्यंत पोचलाय ते शोधायला त्या रुग्णाला किरणोत्सारी औषध टोचतात. पेन गाठीवर धरलं की त्याने सांगायचं, इथे आहे. आपला स्फटिक त्यात चालला तर भट्टी राहील. त्या पुढच्या महिन्यात स्वतः बघायला येणार आहेत.”

वन्सं उठल्या. “चालेल,” म्हणाल्या. “मी आणखी स्वच्छ करते.”

भट्टी गेली असती तर वन्संचं काय झालं असतं, हे मला ठाऊक होतं. त्या घरी बसल्या असत्या. माझ्या स्वयंपाकघरात. पूर्ण वेळ. तेव्हा त्या परीक्षेत वन्संपेक्षा माझाच जीव जास्त टांगणीला लागला होता, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर त्या खोलीत धुण्याचा असा काही धडाका सुरू झाला की विचारू नका. स्फटिकांबरोबर टेबलं धुतली, टेबलांबरोबर भिंती, आणि शेवटी फरशी. स्वतः धुतलेल्या, स्वतः पुसायला विसरलेल्या त्याच फरशीवरून वन्सं घसरल्या आणि उजव्या मनगटाचं हाड मोडून बसल्या. पडल्या तरी हातातला ट्रे त्यांनी सोडला नाही. इस्पितळात नेताना दारातून ओरडून सांगितलं, “ट्रे टेबलावर ठेवा! माझ्याशिवाय कुणी त्यांना आंघोळ घालायची नाही!”

ही आज्ञा संस्थेने मनापासून पाळली. ब्रोमीन हुंगायला तशीही कुणाची रांग लागलेली नव्हती.

वन्सं प्लास्टरमध्ये हात घालून घरी बसल्या. ते आठवडे मी विस्ताराने लिहीत नाही. एवढंच सांगते, की एका हाताने कप विसळता येत नाहीत म्हणून त्या खुर्चीत बसून मला विसळायला सांगायच्या. आमचे हे वर्तमानपत्र उलटं धरून त्यामागे हसायचे.

सर्जनबाई यायला थोडेच दिवस उरले तेव्हा आलेखवाले आमच्याकडे आले. बूट काढले, मोजेही काढले, मग वन्संच्या समोर एक गुंडाळी उलगडली. कागदावर सुई होती. उभी, बारीक, ताठ. मी इतकी वर्षं त्या संस्थेचे अहवाल टंकलेले होते, पण अशी रेघ पाहिली नव्हती.

“कुणाचा हा?” वन्संनी विचारलं. “विकतचा आणला का प्रमुखांनी?”

“तुमचाच. ट्रेमधला. प्रमुखांना शेवटच्या अहवालासाठी आकडे हवे होते, म्हणून सगळे मोजून टाकले.”

“धुतला कुणी?”

“कुणीच नाही.”

वन्संनी कागद घडी घालून परत दिला. “मग हे खोटं आहे.”

“बाई, पाचही स्फटिक असेच आलेत.”

“मग पाचही खोटे आहेत. इतके दिवस उघड्यावर पडलेला, धूळ खाल्लेला स्फटिक चांगला कसा असेल? तुमच्या यंत्रात बिघाड आहे. वहिनी, माझ्या चपला दे.”

आम्ही तिघं संस्थेत गेलो. ट्रेमधले स्फटिक मी पाहिले. एरवी आरशासारखे असायचे, ते आता काळपट झाले होते, उच्छ्वास लागलेल्या चष्म्यासारखे. वन्संचा चेहरा बघवत नव्हता. पाळण्यात मळकं मूल सापडावं तसा. त्यांनी त्यातला सगळ्यात चांगला उचलला आणि कपाटाकडे निघाल्या.

“बाई, नका,” आलेखवाले म्हणाले.

“चिमटा धरा. माझा हात अडकलाय.”

“धरतो. पण मी नको म्हटलं होतं, हे वहिनी, तुम्ही लक्षात ठेवा.”

आंघोळ झाली. स्फटिक लखलखीत निघाला. मोजला. सुई गेली, उंचवटा परत आला.

“बघा,” वन्सं समाधानाने म्हणाल्या. “आता खरं उत्तर आलं.”

आलेखवाल्यांनी उरलेल्या चार स्फटिकांचा ट्रे उचलला, पाठीमागे धरला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. “हे मी देणार नाही. प्रमुखांना बोलवा, पोलिसांना बोलवा. देणार नाही.”

वन्सं त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग धुतलेल्या स्फटिकाकडे. मग त्या स्टुलावर बसल्या, आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हात न धुता डोळे चोळताना पाहिलं.

शेजारच्याच इमारतीत एक यंत्र होतं. एखाद्या वस्तूच्या अगदी वरच्या थरात, अणूंच्या दोन-चार पदरांत, काय काय आणि किती आहे ते त्यावर कळतं. संस्थेने ते कौतुकाने आणलेलं होतं. वन्संनी आपला एकही स्फटिक तिथे कधी जाऊ दिला नव्हता, कारण तिथली माणसं कुणाच्याही वस्तूला लावलेला चिमटा त्यांच्या स्फटिकाला लावणार. वरच्या थराची चौकशी करायला त्यांचा विरोध नव्हता. ओळखीशिवाय त्याला हात लावायला होता. त्या दिवशी मात्र त्या स्वतः धुतलेला एक आणि न धुतलेला एक घेऊन गेल्या. आलेखवाले दुसऱ्याच्या शेजारी पहारेकऱ्यासारखे चालत होते.

निकाल मीच टंकला, म्हणून तो माझ्या नीट लक्षात आहे. ब्रोमीन स्फटिकाच्या अंगावरून कॅडमियम आणि जस्त भराभर उचलून नेतो, टेल्युरियम तेवढ्या घाईने नेत नाही. त्यामुळे आतला माल ठरल्या प्रमाणातलाच राहतो, पण वर नुसत्या टेल्युरियमची साय उरते. ती सुंदर चमकते आणि वीज बिनदिक्कत पळू देते. सोन्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे वीज जात होती ती स्फटिकाच्या पोटातून नव्हे, त्याच्या या चकचकीत कातडीवरून. न धुतलेल्या स्फटिकावर आधीच्या आंघोळीतून उरलेल्या त्याच टेल्युरियमने हवेतला ऑक्सिजन पकडला होता. त्याचा काळपट थर झाला होता, आणि त्या थरातून वीज सहजी जात नव्हती.

वन्संनी तो कागद दोनदा वाचला. “म्हणजे मी धूत होते तेव्हा...”

“हो,” आलेखवाले म्हणाले.

“आणि लोळत ठेवले असते तर...”

“हो, बाई.”

“आळशी माणसाला हे पहिल्याच महिन्यात सापडलं असतं.”

“मी तसं म्हणालो नाही.”

“चेहऱ्याने म्हणालात.”

आता सगळं सोपं होतं, असं कुणालाही वाटेल. चांगला स्फटिक हातात होता, कारण कळलं होतं, फक्त परीक्षेपर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. ज्यांना असं वाटतं ते आमच्या वन्संना भेटलेले नाहीत. चारांपैकी एक पेनाच्या टोकाला बसवला होता. परीक्षेच्या सकाळी वन्संनी ब्रोमीनच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“वहिनी, ही तुझ्याजवळ ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस.”

“बरं.”

चहा होतो न होतो तोच त्या माझ्या टेबलाशी आल्या. “किल्ली दे जरा.”

“तुम्हीच नको म्हणालात.”

“कपाट आतून पुसायचंय. स्फटिकाला हात नाही लावत.”

“वन्सं, कपाट पुसायला तुम्ही स्फटिक कशाला हातात धरलाय?”

त्यांनी हाताकडे पाहिलं. पेन खरंच हातात होतं. ते खाली ठेवलं. “त्याच्या एका कोपऱ्यावर डाग आहे. बाहेरची बाई बघेल. काय म्हणेल?”

“म्हणेल, डाग आहे.”

“तुला काय, तुला डाग चालतात. मी तुझे कप पाहिलेत.”

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्स मांडीवर घेऊन टंकायला लागले. सासरी आल्यापासून त्यांची मागणी मी पहिल्यांदाच धुडकावत होते, आणि तीही त्यांच्याच हुकमावरून. एवढ्यावरही मी समाधान मानलं.

सर्जनबाई आल्या. उंच, घाईतल्या, नखं बारीक कापलेली. त्यांनी येतानाच मेणाचा एक ठोकळा आणला होता आणि त्यात कुठेतरी किरणोत्सारी टिकली दडवली होती. पेनाने ती शोधून दाखवायची. सापडली तर भट्टी राहील, नाही तर खोलीत खुर्च्या लागतील. प्रमुख खिडकीपाशी उभे होते. आमच्या ह्यांनी कचेरीतून रजा काढली होती आणि काही काम नसताना कोपऱ्यात बसले होते.

“आधी आतला स्फटिक दाखवा,” सर्जनबाई म्हणाल्या. आलेखवाल्यांनी पेनाचं टोपण काढलं. सर्जनबाईंनी भिंगाखाली पाहिलं आणि नाक मुरडलं.

“हा मळलाय की.”

वन्संच्या गळ्यातली शीर टरारली. मला वाटलं, आता संपलं. इतक्या वर्षांत त्यांच्या वस्तूला कुणी मळकी म्हटलं नव्हतं. आणि तेवढ्यात सर्जनबाईंनी, सवयीने, बोलता बोलताच, पिशवीतून स्पिरिटचा बोळा काढला. “पुसून घेते हं. आमच्याकडे असं चालत नाही.”

स्पिरिटने तो थर गेला असता की नाही, हे नंतर कुणालाही खात्रीने सांगता आलं नाही. वन्सं थांबून विचार करत बसल्या नाहीत. त्यांनी प्लास्टरचा हात खाडकन मध्ये घातला. बोळा उडून प्रमुखांच्या बुटावर पडला.

“खबरदार धुवाल तर!” आमच्या वन्सं ओरडल्या. “सारखं काय धुवायचं असतं! जरा म्हणून दम नाही माणसाला!”

आमचे हे कोपऱ्यात रुमालात तोंड खुपसून बसले. आलेखवाले छताकडे बघत होते. मी पर्स घट्ट धरून ठेवली, नाही तर मलाही हसू आवरलं नसतं.

सर्जनबाई वन्संकडे क्षणभर बघत राहिल्या. स्वतःसारखं माणूस समोर आलं की ओळखू येत असावं. “ठीक आहे,” म्हणाल्या. “मळकाच चालवून बघू.”

टोपण लागलं, वीज जोडली. त्यांनी पेन मेणावरून सावकाश फिरवलं. काही नाही. आणखी थोडं. काही नाही. वन्संचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील तर चांगलंच आहे, पण मला वाटतं त्या मनात डाग पुसत होत्या. ठोकळ्याच्या डाव्या कोपऱ्यावर पेनाने टकटक सुरू केली. थोडं बाजूला नेलं, थांबली. परत आणलं, टकटक. पडद्यावर सुई उभी राहिली. सर्जनबाईंनी तिथेच सुरी चालवली, मेण उघडलं आणि टिकली चिमट्याने वर धरली.

“हे मला हवंय,” त्या प्रमुखांना म्हणाल्या. “आणि बनवणाऱ्या या बाईही हव्यात. त्यांच्या ओरडण्यासकट.”

प्रमुखांनी खिडकी सोडून पहिल्यांदा वन्संकडे पाहिलं. त्या महिन्याच्या अहवालात त्यांनी मला लिहायला लावलं की संस्थेने स्फटिकाच्या पृष्ठभागाचं ‘नियोजनपूर्वक परिपक्वन’ साधलं. ओल्या फरशीला त्यांनी इतकं भारदस्त नाव दिलं की मला ते टंकताना फरशीचाच अभिमान वाटला. पुढे वन्संनी हवेची वाट बघणंही सोडलं. जखमेवर घालतात त्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये स्फटिक थोडा वेळ बुडवला की तो थर लगेच चढतो, हे त्यांनी बसवलं. म्हणजे आधी ब्रोमीनने आंघोळ आणि मग पेरॉक्साइडने दुसरी. धुणं काही सुटलं नाही. फक्त आता मळ अंगावर चढवायलाही त्या धुवायला लागल्या. भट्टी त्या निवृत्त होईपर्यंत चालली, नंतरही चालू राहिली.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी आलो. मी चहा केला. सगळ्यांचा पिऊन झाला, मी कप विसळून पालथे घातले. वन्सं उठल्या, एक कप उचलला, खिडकीशी धरला. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवरून माझ्याकडे पाहिलं.

“स्वच्छ आहे,” वन्सं म्हणाल्या.

मला कानांवर विश्वास बसेना. “काय म्हणालात?”

“स्वच्छ आहे म्हटलं. बहिरी झालीस का?” आणि तरीही त्या कप घेऊन नळाकडे गेल्या, एका हाताने, प्लास्टरमधला हात कपाला टेकवून. मी मध्ये पडले नाही. दिवसभर त्यांनी स्वतःला आवरलं होतं. एक कप मी त्यांना देऊ शकत होते. तो कप त्यांच्या हातून निसटून फुटला, आणि तुकडे गोळा करताना त्यांनी ते सगळे, एक एक करून, टाकायच्या आधी धुतले.